तीन रेघांची कोंबडी

झुंबर पगाऱ्यांनी स्वेटरच्या आत हात घालून शर्टाच्या खिशातून दुर्बीण काढली, तेव्हा पुंजाराम साळव्यांना ते चष्म्याचं घर वाटलं. झुंबरनी ती दोन्ही बाजूंनी उघडली, डोळ्यांना लावली, बंधाऱ्याच्या भिंतीवर बसलेल्या खंड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चोचीत मासा आहे, भाऊसाहेब. अजून वळवळतोय."

पुंजारामांनी तोवर आपल्या दुर्बिणीच्या पेटीचा पहिला पट्टा सोडला होता. दुसरा बाकी होता.

"काय आहे ते?"

"जावयाने पाठवली मस्कतहून. जपानी आहे."

"खेळण्यातली?"

"बघा ना लावून."

"नको," पुंजाराम म्हणाले. "मला बघायचं असलं की मी दुर्बिणीतून बघतो."

पुंजाराम पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात हेडक्लार्क होते आणि झुंबर त्याच कचेरीत टंकलेखक. अकरा वर्षं दोघं दर रविवारी नाशिकरोडहून पहिली एस.टी. पकडून निफाडकडे यायचे, पुढे मिळेल त्या वाहनाने नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यावर पोचायचे आणि पक्षी बघायचे. खरं म्हणजे पुंजाराम बघायचे आणि झुंबर लिहून घ्यायचे, कारण दुर्बीण एकच होती. ती पुंजारामांनी देवळाली कॅम्पातल्या एका भंगारवाल्याकडून घेतली होती. पलटणीतली, पितळी, सव्वा किलो वजनाची. गळ्यात अडकवली की माणूस आपोआप नम्र दिसायचा. पुंजाराम नम्र दिसायचे ते तेवढ्यापुरतेच.

या दुर्बिणीच्या उजव्या नळीत आत बारीक रेघा आखलेल्या होत्या, फुटपट्टीसारख्या. तोफा डागणाऱ्यांना त्या कशासाठी तरी लागत असणार. पुंजारामांनी मात्र पहिल्याच रविवारी ठरवून टाकलं होतं की, या रेघा पक्षी मोजायला आहेत. अडचण एवढीच आली की जवळची चिमणी पाच रेघांची भरली आणि लांबचा करकोचा दोन रेघांचा. दुसऱ्या रविवारी त्यांनी काठावर एक वीट पुरली. विटेवर उभं राहायचं आणि समोर शंभर पावलांवर गाळाचं जे बेट आहे, त्यावर बसलेला पक्षी तेवढाच मोजायचा. मग अंतराचा प्रश्नच उरत नाही. तेव्हापासून वहीत नोंदी होत गेल्या: राखी बगळा, साडेसहा रेघा. शेकाट्या, अडीच रेघा. जो पक्षी बेटावर बसत नाही, त्याला वहीत जागा नव्हती. खंड्या दर रविवारी भिंतीवर दिसायचा, पण अकरा वर्षं वहीबाहेर होता.

१९८४ च्या जानेवारीत या वहीला एकाएकी किंमत आली. बंधाऱ्याच्या पाण्यावर पक्ष्यांसाठी अभयारण्य करता येईल का, याचा अहवाल वनखातं तयार करत होतं. वनक्षेत्रपाल देवरे साहेबांना कुठूनतरी वहीचा सुगावा लागला. त्यांनी निरोप धाडला की पुढच्या रविवारी अकरा वाजता मी बंधाऱ्यावर येतो, यादी तयार ठेवा, अहवालाला जोडू.

त्या निरोपाने पुंजाराम किती सुखावले, ते फक्त त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना ठाऊक होतं. तेहतीस वर्षं पुंजारामांनी कागद लिहिले होते. एकाहून एक कागद, ज्यांच्यावर वरच्या कचेरीने कधी एक शंका काढली नाही. पण प्रत्येकाखाली सही साहेबाची. साहेब बदलले, सह्या बदलल्या, अक्षर पुंजारामांचंच राहिलं. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. त्याआधी एका, फक्त एका कागदाखाली 'पुंजाराम साळवे' असं छापून यावं, ही त्यांची इच्छा होती. बायकोला ते म्हणाले होते, "एकदा नाव आलं की झालं. मग मी काही मागणार नाही."

"मग नाव घालायला विसरू नका," यशोदाबाई म्हणाल्या होत्या.

आणि नेमक्या याच वेळी ही खिशातली दुर्बीण उपटली होती.

"माझं म्हणणं एवढंच," झुंबर म्हणाले, "की यादी एकदा या दुर्बिणीतून ताडून बघू. नवीन आहे, स्वच्छ दिसतं."

"नवीन म्हणजे चांगलं असं कुठल्या परिपत्रकात आहे? तुलनात्मक तक्ता करू. मग बोला."

पुंजारामांनी फुलस्केप कागद काढला, घडी घालून उभे रकाने पाडले. जुनी, नवी, शेरा. कचेरीत साधा स्टोव्ह घ्यायचा तरी असा तक्ता होई आणि तो पुंजारामच करीत.

तेव्हा सात वाजत होते; जवळची भिंत दिसत होती, पण पाण्यावर अजून धुकं होतं. "काय दिसतं तुमच्या नळीतून?"

झुंबरनी बराच वेळ पाहिलं. "अंधार."

"माझ्या नळीतून चोवीस बदकं दिसतात. लिहा. पहाटेचा उजेड: जुनी उत्तम, नवी निरुपयोगी."

नऊ वाजता ऊन वर आलं आणि पारडं फिरलं. झुंबरना शेकाट्याच्या डोळ्यातली लाली दिसली, पायावरचा चिखल दिसला. पुंजारामांना शेकाट्या दिसला, पण दुधातून पाहिल्यासारखा. अकरा पावसाळ्यांची बुरशी भिंगाच्या आत धरली होती.

"तुमची जरा धुरकट आहे," झुंबर हळूच म्हणाले.

"धुरकट नाही, सौम्य आहे. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून."

वजनाच्या ओळीत झुंबरनी नवीला पसंती दिली, तर पुंजारामांनी शेऱ्यात लिहिलं की जड दुर्बीण हातात थरथरत नाही, सबब वजन हा गुण समजावा. असं करत तक्ता बरोबरीत आला आणि शेवटची ओळ राहिली, मापनाची.

"तुमच्यात रेघा किती?"

"एकही नाही."

"मग पक्षी मोजणार कशाने?"

"मोजायचा कशाला, भाऊसाहेब? ओळखायचा."

"आणि ओळखलेला साहेबाला पटवणार कशाने? माप पाहिजे. माप म्हणजे पुरावा." पुंजारामांनी जुनीपुढे ठसठशीत बरोबरची खूण केली. लढाई जिंकल्यासारखं त्यांनी टोपण पेनाला लावलं.

झुंबर गप्प बसले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण ते सरळ मनाचे होते. त्यांनी विचारलं, "पण एक रेघ म्हणजे किती इंच?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पुंजारामांनी बेटाकडे पाहिलं, विटेकडे पाहिलं. साहेब येणार, वही उघडणार, आणि पहिलं काय विचारणार, ते त्यांना लख्ख दिसलं. वहीत एकशे सात पक्षी होते आणि एकाचीही लांबी जगातल्या दुसऱ्या माणसाला कळण्यासारखी नव्हती.

"काढता येईल," ते म्हणाले. आवाजात जराही फरक नव्हता. "ज्याची लांबी आपल्याला माहीत आहे, असं काहीतरी बेटावर ठेवायचं आणि रेघा मोजायच्या."

"एक फुटाची काठी रोवू."

"पगारे, काठी पक्षी आहे का? तक्त्यावर मथळा काय आहे? पक्ष्यांची लांबी. उद्या साहेब म्हणाले की नमुन्याचा पक्षी कोणता घेतला, तर काय सांगाल, बाभळीची काठी? नमुना पक्ष्याचाच पाहिजे."

"पण बस म्हटल्यावर बसेल असा पक्षी कोणता?"

पुंजारामांनी गावाकडे हात केला. तिकडून कोंबडीचा आवाज येत होता.

पुढच्या रविवारी आठ वाजता दोघं भागुबाईच्या अंगणात उभे होते. भागुबाई गांगुर्डे काठालगत राहायची, दोन बिघे कांदा लावायची, आणि गेली अकरा वर्षं या दोघांना काळा चहा पाजायची. दोन शिकलेली माणसं दर रविवारी एका विटेपाशी का उभी राहतात, हे तिने कधी विचारलं नव्हतं. कोंबडीचं ऐकल्यावर मात्र तिने पदर खोचला.

"मोजायची? कशापायी?"

"सरकारी काम आहे. अर्ध्या तासात परत."

"अंड्यावरची हाय ती. लय गुणाची हाय, पन नव्या मानसाला टोचती."

पुंजारामांनी यशोदाबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली होती. झुंबरनी कोंबडी धरली. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पहिल्यांदा एकोणीस इंच भरली, कारण ती मान लांबवून झुंबरच्या मनगटाला टोचत होती. दुसऱ्यांदा चौदा, कारण तिने मान आत घेतली होती. तिसऱ्यांदा अठरा.

"सरासरी काढा," पुंजाराम म्हणाले. "सतरा इंच. झालं. आता ही प्रमाणित कोंबडी."

भागुबाईने कोंबडी काखेत मारली, गुडघाभर पाण्यातून बेटावर नेली, सुतळीने खुंटीला बांधली आणि परत आली. पुंजाराम विटेवर चढले. दुर्बीण बेचक्याच्या काठीवर टेकवली, डावा डोळा मिटला.

"किती?" झुंबरनी वही उघडून विचारलं.

"बसली आहे. बसलेली धरायची नाही. भागुबाई, तिला उठवा."

भागुबाईने काठावरून दोन-चार हाका मारल्या. कोंबडी उठली, आडवी झाली. "तीन," पुंजाराम म्हणाले. "बरोबर तीन रेघा. म्हणजे रेघेला पावणेसहा इंच धरा, थोडी कमीच." त्यांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती पसरली, ती कुठल्याही वेतनवाढीने पसरली नव्हती. अकरा वर्षांची वही एका कोंबडीने इंचांत आणली होती.

त्याच वेळी पाण्यावरची सगळी बदकं एकदम उठली. झुंबरनी वर पाहिलं. वरून काहीतरी काळं, रुंद पंखांचं, सरळ बेटावर उतरत होतं.

कोंबडीला कळायच्या आत ते तिच्या अंगावर होतं. झुंबरच्या दुर्बिणीला खिशातून डोळ्यांपर्यंत यायला जेमतेम एक श्वास लागला. पुंजारामांची दुर्बीण तर आधीच तिथे रोखलेली होती, आणि रेघांच्या मधोमध कोंबडीच्या जागी आता भलताच पक्षी आला होता.

"साडेचार रेघा," पुंजाराम ओरडले. "चोचीपासून शेपटीपर्यंत. धुरकट दिसतोय. रंग सांगा, पगारे."

"गडद तपकिरी. पंखावर पांढरे ठिपके, ओळीने. चोचीच्या कडा पिवळ्या. पायांवर बोटांपर्यंत पिसं."

"पिसं बोटांपर्यंत? नक्की?"

"नखं मोजू का?"

"मग गरुडच. ठिपक्यांचा गरुड. साडेचार गुणिले... साधारण साडेपंचवीस इंच. लिहा, लिहा."

"धरा वही. मी बघू की लिहू?"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघंही एकाच वेळी बघत होते, म्हणून लिहिणारं कुणी नव्हतं. गरुडाने दोनदा पंख मारले, सुतळी तुटली, आणि तो प्रमाणित कोंबडी घेऊन पलीकडच्या बाभळींमागे दिसेनासा झाला. दोघं एकमेकांकडे पाहून हसले. मग त्यांना भागुबाईची आठवण झाली.

भागुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "माझी कोंबडी?"

"भागुबाई, असा गरुड इथे कुणी नोंदवलेला नाही," पुंजाराम म्हणाले.

"गरुडाचं ऱ्हाऊ द्या. घरी म्हाताऱ्याला काय सांगू मी? नाशकाहून दोन सायेब आले, कोंबडी मोजाया नेली आन् कोंबडी नाय आली. मानूस काय समजंल? तुम्ही रस्सा करून खाल्ला आसंच समजंल ना?"

पुरावाही तसाच दिसत होता. झुंबरच्या स्वेटरला दोन-तीन पिसं चिकटलेली होती आणि पायाशी नाश्त्याचा, वडे-चटणीचा डबा होता. नेमकी त्याच वेळी, ठरल्यापेक्षा दोन तास आधीच, देवरे साहेबांची जीप येऊन थांबली. साहेबांनी पिसं पाहिली, बेटावरची खुंटी पाहिली, तुटकी सुतळी पाहिली.

"पक्ष्यांना आमिष लावता काय?" ते म्हणाले. "अभयारण्य करायचंय म्हणून मी इथं येतो, आणि यादीवाले स्वतःच?"

पुंजारामांच्या डोळ्यांसमोरून आपलं छापील नाव एका क्षणात पुसलं गेलं. पण त्यांचा आवाज हेडक्लार्काचा होता आणि तो असल्या वेळीच उत्तम चालायचा. "आमिष नाही, साहेब. नमुना आहे. तक्ता बघा." आणि त्यांनी सगळं सांगितलं, रेघा, वीट, सतरा इंच, मग गरुड. मधे जिथे रंग आला तिथे झुंबर बोलले, जिथे माप आलं तिथे पुंजाराम.

साहेबांचा चेहरा बदलत गेला. "बोटांपर्यंत पिसं? साडेपंचवीस इंच? मग हा ठिपक्यांचाच. एकाने नुसता रंग सांगितला असता तर मी घार म्हटलं असतं. नुसतं माप सांगितलं असतं तरी घारच." ते पुंजारामांकडे वळले. "हे लेखी द्या. आजची तारीख, वेळ, सगळं. यादी त्यालाच जोडा. अहवालात पहिलं पान तुमचंच."

"मलाबी लेखी द्या," भागुबाई म्हणाली. "गरुडानं नेली म्हनून."

पुंजाराम विटेवरच बसले आणि मांडीवर फुलस्केप घेऊन त्यांनी लिहायला घेतलं. इतकं सुरेख टिपण त्यांनी उभ्या नोकरीत लिहिलं नव्हतं. "वरील विषयान्वये सविनय नमूद करण्यात येते की, सदर दिनांकी सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी, प्रमाणित कोंबडीचे मापन चालू असता, एक गरुड पक्षी दृष्टोत्पत्तीस आला. जुन्या दुर्बिणीतून लांबी व नव्या दुर्बिणीतून वर्ण निश्चित करण्यात आला. सदर पक्ष्याने सदर कोंबडी नेल्याचे समक्ष दिसून आले. यात अन्य कोणाचाही दोष आढळून येत नाही." शेवटचं वाक्य भागुबाईच्या म्हाताऱ्यासाठी होतं. सोमवारी झुंबरनी ते तीन प्रतींत टंकलिखित केलं, मागे एकशे सात पक्षी इंचांत जोडले. दुपारी देवरे साहेब स्वतः आले, वाचून खूश झाले, खाली सही केली आणि कागद घेऊन गेले.

संध्याकाळी पुंजारामांनी जेवताना सगळं टिपण यशोदाबाईंना तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्या कौतुकाने ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि बघितला कुणी?"

"काय?"

"गरुड. दृष्टोत्पत्तीस आला, निश्चित करण्यात आला, दिसून आले. पण कुणाला?"

पुंजारामांचा घास हातात राहिला.

"आणि खाली सही कुणी केली?"

सही देवरे साहेबांनी केली होती, कारण खाली उजवीकडे पुंजारामांनी स्वतःच्या हाताने '(वनक्षेत्रपाल)' असं लिहून वर सहीपुरती जागा सोडली होती. तेहतीस वर्षं तिथे साहेबाचं पदनाम लिहायची सवय. हाताला दुसरं काही लिहिताच येत नव्हतं.

"उद्या जा आणि सांगा त्यांना," यशोदाबाई म्हणाल्या. "भले गृहस्थ दिसतात."

"सही झालेल्या कागदाला हात लावायचा नसतो," पुंजाराम म्हणाले. हे त्यांनी किती कनिष्ठ कारकुनांना दरडावून सांगितलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. पण नियम नियम होता, आणि तो त्यांनीच शिकवलेला होता. त्या दिवशी त्यांनी भात घेतला नाही.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले. दिवाळीच्या सुमारास अहवाल छापून आला. झुंबर त्याची एक प्रत घेऊन आले, आणि रविवारी दोघं ती घेऊन भागुबाईकडे गेले. खात्याने टिपण छपाईसाठी पुन्हा जुळवायचा त्रास घेतला नव्हता. टंकलिखित पानाचाच फोटो काढून, लहान करून, जसाच्या तसा छापला होता. उजवीकडे देवरे साहेबांची सही. त्याखाली, पुंजारामांच्या पद्धतीप्रमाणे, प्रत कोणाला, तेही होतं: "प्रत माहितीसाठी: श्रीमती भागुबाई गांगुर्डे, कोंबडीच्या मालक."

झुंबरनी ते वाचून दाखवलं. भागुबाईने पान हातात घेतलं, आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि आत जाऊन म्हाताऱ्याला दाखवलं. मग ती परत आली.

"आन् तुमचं नाव कुठं हाय, भाऊ?"

पुंजारामांनी पानाच्या डाव्या कोपऱ्यावर, अगदी तळाशी बोट ठेवलं. कचेरीतून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मसुदा कुणाचा आणि टंकलेखन कुणाचं, त्यांची आद्याक्षरं तिथे टाकायची असतात. झुंबरनी ती सवयीने टाकली होती आणि फोटोत ती आली होती. भागुबाई वाकली, डोळे बारीक केले.

"मला तर राईचा दाना दिसतोय."

पुंजारामांनी चष्मा पुसून पाहिलं. त्यांनाही तेवढंच दिसलं. जुनी दुर्बीण त्यांच्या गळ्यात होती, पण इतक्या जवळचं तिला दिसत नव्हतं. तेव्हा झुंबरनी खिशातून आपली दुर्बीण काढली, उलटी केली, तिचं बारीक भिंग त्या कोपऱ्यावर जवळजवळ टेकवलं आणि मोठं भिंग वर करून म्हणाले, "इथून बघा."

पुंजारामांनी एक डोळा मिटला. कागदाचे धागे दिसले, शाईच्या कडा दिसल्या, आणि मग मधोमध, रुपयाएवढ्या अक्षरांत, 'पुं.सा.' दिसलं. तिरक्या रेघेपलीकडे 'झुं.प.' होतं. ते बराच वेळ पाहत राहिले. भागुबाईचा चहा निवला.

"चांगली आहे हो तुमची दुर्बीण," शेवटी ते म्हणाले.

 दहा महिने झुंबर हे वाक्य ऐकायला थांबले होते.

"उलटी धरली की," पुंजाराम म्हणाले, आणि पुन्हा वाकले.